टेकडीवर अंधार

३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आशीर्वादाने वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षाचा ताबा घेतला. खुर्ची एवढी उंच की बसलं की पाय टेकत नाहीत. माझ्या आधीच्या साहेबांनी जाताना भिंतीवरचे सगळे खटके समजावून दिले आणि शेवटच्या खटक्यापाशी आवाज खाली आणून सांगितलं की याला हात लावायचा नाही. ती तुमची, मंत्र्यांच्या बंगल्यांची टेकडी. मी हुकूम मागितला, तर म्हणाले की हुकूम कशाला हवा, रीत आहे.

इथलं एक यंत्र बंद पडल्यापासून भारनियमन वाढलंय. लेथवाले दुपारभर ओट्यावर पत्ते कुटतात, आईची शिवणयंत्रं झाकून ठेवलेली असतात, आणि परवा सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एका बाळंतिणीचे टाके टॉर्चच्या उजेडात घातले. टेकडीवर मात्र बागेतली कारंजीसुद्धा चालू! दुसरं वीजकेंद्र बांधायची फाइल तुमच्याच मंत्रालयात बारा वर्षं पडून आहे. पडणारच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

म्हणून येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी संध्याकाळी इतरांसारखाच टेकडीचाही नंबर लावला आहे. तासाभराचाच प्रश्न आहे. मामींना मेणबत्त्या आणून ठेवायला सांगा. फोन केला असता, पण कचेरीतल्या फोनला कान फार.

तुमचा लोभ आजवर आहेच, तो गुरुवारनंतरही राहू द्यावा.

तुमची,
मिरची


८ मार्च

चि. मिरची हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला, मनातलं पुढे लिहितो. तुझं पत्र वाचून मी हसलो. पोरीने थट्टा केली असं समजून कुणाला काही बोललो नाही. तेच नडलं.

काल आमच्या वीजमंत्र्यांकडे अख्खं मंत्रिमंडळ जेवायला होतं. सूप वाढलं आणि झपकन अंधार झाला. अगं, या टेकडीवरचे दिवे आजवर एकदाच गेले होते, लष्कराने मागचं सरकार उलथवलं त्या दिवशी! वीज जाणं म्हणजे नुसती वीज जाणं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येईना. अर्थमंत्री टेबलाखाली शिरले. त्यांच्या सौभाग्यवती दागिने काढून फुलदाणीत टाकू लागल्या. आमच्या वीजमंत्रीसाहेबांनी चाचपडत फोन गाठला आणि सरसेनापतींना सांगितलं की पंतप्रधान नालायक आहेत हे आपलं पहिल्यापासूनचं मत आहे. पंतप्रधान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, बिचारे. सरसेनापतीही टेकडीवरच राहतात, म्हणजे तेही अंधारात. त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणी बाजी मारली. त्यांनी आमच्या साहेबांनाच नवे राज्यकर्ते समजून फोनवर निष्ठा वाहिली. दिवे आल्यावर कुणी कुणाकडे बघेना. गार झालेलं सूप सगळ्यांनी खाली मान घालून संपवलं.

मी कोपऱ्यात ओठ चावत उभा होतो. पण तू हे हसण्यावारी नेऊ नकोस. वीज मंडळाचं अध्यक्षपद मला मिळणार हे ठरल्यात जमा आहे. मंत्रालयाचा सचिव म्हणून उभा जन्म दुसऱ्यांची भाषणं लिहिण्यात गेला, त्याचं एवढं एकच फळ हाताशी आलंय. खटका माझ्याच भाचीने पाडला हे साहेबांना कळलं आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाळ. टेकडी वगळ. माझ्यासाठी एवढं कर.

ताईला नमस्कार सांग. लोभ आहे, पण तूर्त रुसून बसला आहे.

तुझा,
मामा


११ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. फुलदाणीपाशी तिला हसता हसता ठसका लागला, आणि तुमच्या पदाचं ऐकून तिचं हसू मावळलं. मलाही वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू? बाबांच्या माघारी तुम्ही मला शिकवलंत. तुमचं नुकसान माझ्या हातून व्हावं असं मला वाटेल का?

पण मामा, वीज मी घरून आणत नाही. टेकडी वगळली की तो तास दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जातो. आजवर तो दवाखान्याच्या माथी जात होता. गेल्या गुरुवारी टेकडी बंद राहिली म्हणून दवाखाना चालू राहिला, एवढा साधा हिशेब आहे. आता डॉक्टरीणबाईंना काय सांगू? की पुन्हा टॉर्च काढा, टेकडीवरची कारंजी खोळंबली आहेत?

मी हट्टी असेन, बंडखोर नाही. टेकडीची वीज बंद करू नये, एवढं एकच वाक्य सहीनिशी पाठवा. सरकारी नोकर आहे, लेखी हुकूम निमूट पाळीन. तोंडी मात्र कुणाचंच ऐकणार नाही, तुमचंसुद्धा. माझी बदली करायची असेल तर खुशाल करावी, पण कारण लिहून. आईचा निरोप आहे की जे काही कराल ते चष्मा लावून करा; घाईत तुम्ही तो विसरता.

रुसलेल्या लोभाची समजूत काढावी.

तुमची,
मिरची


२० मार्च

चि. मिरची हिस,
अ. उ. आ.

तुझ्या त्या एका वाक्याने इथे दाणादाण उडवली. काल मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते टाइप होऊन आलं. साहेबांनी ते पंतप्रधानांकडे सरकवलं, त्यांनी अर्थमंत्र्यांकडे, आणि अर्थमंत्र्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. तोंडी सांगायला सगळे शूर. पण उद्या दवाखान्यात कुणी दगावलं तर त्या वाक्याखाली आपलं नाव कुणाला हवंय? फिरत फिरत कागद माझ्यापुढे आला. साहेबांनी लाडीगोडीने सांगितलं की सही कर आणि उद्यापासून मंडळाचा अध्यक्ष हो.

चष्मा लावला. खोटं कशाला बोलू, पेनाचं टोपणही काढलं. कुणी न पाळलेले कितीतरी हुकूम मी आजवर लिहिलेत आणि शांत झोपलोय. पण हा तू पाळला असतास. तू शब्दाची पक्की. मी इथे सही केली की तिकडे दवाखान्यात अंधार होणार, आणि तो माझी भाची स्वतःच्या हाताने करणार. हे डोळ्यांपुढे आलं. टोपण लावलं आणि सांगितलं की हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

पंतप्रधान त्या फोनपासून आमच्या साहेबांवर खार खाऊन आहेत. त्यांनी मुद्दाम साहेबांकडे पाहत विचारलं की दुसरं वीजकेंद्र उभारायला किती दिवस लागतील. बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! फाइल त्याच बैठकीत मंजूर झाली. देशाचा कळवळा येऊन नव्हे, दर गुरुवारी काळोखात बसायचं जिवावर आलं म्हणून. मला त्याचं काही वाटत नाही. एकदाचे खांब उभे राहू देत.

अध्यक्षपद साहेबांच्या जावयाला गेलं आणि मला टेकडीवरचं घर रिकामं करायला सांगितलं आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. तुझ्या मामीला सांगितलं, तर ती लगेच बांधाबांधीला लागली. ती म्हणे कधीचीच कंटाळली होती.

लोभ आता रुसलेला नाही, हे ताईलाही कळव.

तुझा,
मामा


२८ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने मला दोनदा वाचायला लावलं आणि मग शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा. पुढची खोली तिने झाडून ठेवली आहे. मामींना घेऊन सरळ इकडेच या. डॉक्टरीणबाईंना तुमच्याबद्दल काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. मामा, मला तुमचा फार अभिमान वाटतो. समोर असतात तर बोलले नसते, म्हणून इथे लिहून टाकते.

आज गुरुवार. टेकडीचा खटका वेळेवर पाडला आणि वेळेवर उचलला. माझा ऑपरेटर तासभर फोनकडे डोळे लावून बसला होता. कुणाचाही फोन आला नाही.

भाचीला लोभातून कधी वगळू नये, ही विनंती.

तुमची,
मिरची