यांच्या निकालाचा रकाना

२ मे १९६१
डॉक्टरांनी आकड्यांचं जाड पुस्तक दिलं. प्रत्येक रोगाला आकडा, ऑपरेशनला आकडा, निकालालाही. बरा झाला, सुधारला, वारला. दवाखान्यातली रेकॉर्डची खोली आमच्या यांच्यानंतर माझ्याकडं आली. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकले मी, आकड्यांना काय भ्यायचं? आठवड्यात सगळे केसपेपर संपवणार. यांचा तेवढा घरी आहे. उद्या नेईन.

३ मे
नेला नाही. चष्म्याची काडी तुटली. बाकीचे कागद केले.
यांचं लघवीचा मार्ग दुरुस्त करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा यांनी किती पाणी प्यायलं आणि किती बाहेर आलं ते लिहीत जा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्या वहीत लिहिते. सवय. संध्याकाळी यांच्या बाजेपाशी मडकं भरून ठेवते, सकाळी पाणी उतरलेलं असतं. दुःखबिःख काही नाही. नोंद आहे.

५ मे
उमरग्याच्या बाजारातला गूळवाला शरणबसप्पा भरती झाला. तेच ऑपरेशन करायचंय. नळी लावलीय, खाली बाटली. म्हणाला, अक्का, भेटायला आलेलं गिऱ्हाईक गुळाच्या आधी बाटलीचाच भाव विचारतंय, लवकर सोडवा. पण सोलापूरचे सर्जन म्हणतात, आधीच्या पेशंटचा कागद निकालासकट पाहीन, मगच हात लावीन. आधीचे म्हणजे हे. उद्या नक्की.

८ मे
शाई संपली. टेबलावर दौत भरलेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. ती पातळ आहे. शिवाय कागदावर यांचं नाव. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये; आकडा लिहिताना नजर तिकडं जाणारच. डॉक्टर म्हणाले, नीलम्माबाई, नाव आधीच लिहिलंय, तुम्ही आकडा टाका. पुरुषांना कळत नाही.

१० मे
पाणी अजून उतरलं. उन्हाळ्यात यांना तहान फार. मडक्याखाली जमीन ओली असते. पिताना सांडतात, आधीही सांडायचे. पहाटे बाज करकरली, मी कूस बदलली नव्हती. पाणी पिणाऱ्या माणसापुढं ‘वारला’चा आकडा टाकणं म्हणजे खोटी नोंद. खोटी नोंद माझ्या हातून व्हायची नाही.

१२ मे
शरणबसप्पाला ताप. नळी तुंबते आहे. आज भाव-बिव काही बोलला नाही. त्याची बायको सिद्धम्मा रेकॉर्डच्या खोलीच्या दारात येऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. विचारलं, अक्का, तुमचे मालक याच कॉटवर होते म्हणं. शेवटी काय झालं त्यांचं? मी म्हणाले, घरी आहेत. तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

१३ मे
सिद्धम्मा घरी आली. पाया पडते म्हणाली, मी पडू दिलं नाही. बाजेकडं बघून म्हणाली, अक्का, मडकं पाझरायलंय की. मी म्हणाले, पाझरत नाही, ते पितात. उद्या ये, दाखवते. ती गेल्यावर पितळी तांब्या काठोकाठ भरून, झाकण घालून, मडक्याच्या जागी ठेवला.

१४ मे, सकाळ
तांब्या काठोकाठ.
झाकण लावून पुन्हा उघडून पाहिला. तेवढाच.

१४ मे, दुपार
चष्म्याची काडी नसतानाही ‘वारला’चा आकडा दिसला. लिहिला. पाण्याच्या नोंदीही दिल्या, यांच्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या. पुढची पानं फाडून घेतली. सर्जननी त्या बराच वेळ वाचल्या. म्हणाले, नळी लवकर काढली; पुढं पाणी आत गेलंय, बाहेर आलं नाही. या वेळी ऑपरेशननंतर नळी जास्त दिवस ठेवू.
मी तेव्हा रोज लिहीत होते. वाचलं कुणीच नव्हतं. मीसुद्धा.

६ जून
शरणबसप्पाची नळी काढली. लघवी मोकळी झाली, हे त्यानं अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगितलं. सिद्धम्मानं गुळाची ढेप आणली. त्याच्यापुढं ‘बरा झाला’चा आकडा टाकला. शाई चांगली होती.
घरी आले. गुळाचा खडा तोंडात टाकला. बाजेपाशी तांब्या तसाच भरलेला. मीच प्यायले.
पाण्याच्या वहीत लिहिलं नाही.