माळ्यावरील उंदीर अस्तित्वात असल्याची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
मूषक निर्मूलन कक्ष,
नगरपालिका कार्यालय, तळमजला (जिन्याखाली).

विषय : अर्जदाराच्या घराच्या माळ्यावर उंदीर असल्याबाबत, व तो नसल्याचा आपल्या कार्यालयाचा अहवाल मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज.
२) आपल्या निरीक्षकांचा अहवाल : "उंदीर आढळून आला नाही. तक्रारीत तथ्य नाही."

महोदय,

१. अर्जदाराचे चष्म्याचे दुकान असून घर स्वतःचे आहे. डॉक्टरांनी अर्जदाराची साखर बंद केल्यावर अर्जदाराच्या पत्नीने बिस्किटांचा डबा "पाहुण्यांसाठी" म्हणून माळ्यावर नेऊन ठेवला. पुढे पाहुणे न येताही डबा रिकामा होऊ लागला. घरात माणसे दोनच. त्यातल्या एकावर बंदी, आणि दुसरीच ती पाळून घेणारी. तेव्हा संशय कोणावर गेला असेल हे सुज्ञास सांगणे न लगे. अर्जदाराने वर उंदीर असल्याचे शपथेवर सांगितले. त्यावर पत्नीने "उंदराला चष्म्याचा नंबर किती आहे हो?" असे विचारले.

२. माळ्यावरची खुडबूड केवळ अर्जदारासच ऐकू येत असे. पत्नीस हाक मारावी, तिने हात पुसत यावे आणि वर चिडीचूप व्हावे, असा प्रकार वारंवार घडल्याने अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केला. त्यानुसार आपले निरीक्षक येऊन गेले. त्यांच्याविषयी अर्जदाराच्या मनात आदरच आहे. परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते शिडी चढले नाहीत. त्यांनी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहत "शुक् शुक्" केले, थोडा वेळ वाट पाहिली, चहा घेतला आणि संदर्भ क्र. २ लिहिला. महोदय, सरकारी हाकेला ओ देत नाही म्हणजे उंदीर नाही, असा नियम असल्यास तो कृपया दाखवावा. डोंगर पोखरून उंदीर काढल्याचे ऐकिवात आहे. येथे उंदीर दाखवायला जाऊन अर्जदाराच्या पदरी डोंगर आला आहे.

३. सदर अहवाल पत्नीने फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला आहे. अर्जदार पाणी प्यायला गेला तरी "तक्रारीत तथ्य नाही" हे वाचूनच परत येतो. कार्यालयीन कामकाजाशी याचा संबंध नाही याची जाणीव आहे, तरी नमूद करणे भाग आहे की लग्न झाल्यापासून पत्नीने अर्जदाराचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्या शब्दापुढे कागद जड ठरण्याची ही पहिलीच वेळ. ती भांडली असती तर परवडले असते. ती भांडत नाही. ती बिनसाखरेचा चहा समोर ठेवते आणि बघत राहते.

४. सबब अर्जदाराने स्वखर्चाने पुढील उपाय केले.

(अ) पिंजरा लावला. त्यात अर्जदाराचे बोट सापडले.

(आ) शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची मांजर मागून आणली. ती पिंजऱ्यातला पावाचा तुकडा खाऊन, अर्जदाराच्या लोकरी टोपीत झोप काढून, संध्याकाळी आपल्या घरी गेली.

(इ) उंदराच्या पावलांचे ठसे मिळावेत म्हणून माळ्यावर पीठ पसरले. नंतर ते नीट पसरले आहे ना, हे पाहण्यासाठी अर्जदार एकदा वर जाऊन आला. हे करायला नको होते, असे आता वाटते. सकाळी पत्नी प्रथमच स्वतः वर चढली. पिठात शिडीपासून डब्यापर्यंत आणि परत असे पायमोज्यांचे ठसे होते. पत्नी म्हणाली, "उंदीर मोजे घालतो वाटतं." पीठ वाया गेले ते निराळेच.

५. गेल्या रविवारी दुपारी पत्नीचे थोरले बंधू आले. ते सैन्यातून निवृत्त आहेत, पण घरगुती बाबतीत अजून निवृत्त झालेले नाहीत. ते दिवाणखान्यात चहा घेत असताना अर्जदार हातात बॅडमिंटनची रॅकेट व आमिषादाखल एक बिस्कीट घेऊन माळ्यावर दबा धरून बसला होता. थोड्याच वेळात उंदीर आला. तो डब्याच्या मागून निघाला, अर्जदाराकडे पाहून मिशा पुसू लागला, आणि अर्जदाराने एक पाऊल पुढे टाकताच फळी मोडली. अर्जदाराचा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला व दिवाणखान्यात, चहाच्या ट्रेच्या बरोबर वर, लोंबकळू लागला.

अर्जदार जिवाच्या आकांताने ओरडला, "अगं, हा बघ! इथंच आहे! माझ्याकडे बघतोय!" परंतु खालच्यांना फक्त पाय दिसत होता, आणि पायाच्या साक्षीला कोणी किंमत देत नाही. बंधूंनी आधी कप बाजूला सरकवला, मग ते शिडी चढून वर आले. तोवर उंदीर पसार. त्यांना दिसले ते असे : अंधार, डबा, आणि डब्याशेजारी हातात बिस्कीट धरलेला अर्जदार. त्यांनी खाली वाकून एवढेच सांगितले, "अगं, मुद्देमालासकट सापडलेत."

६. काल मात्र सत्य उजेडात आले. पत्नी इस्त्री करीत असता उंदीर स्वतः कपाटावरून खाली उतरला आणि दुमडलेल्या चादरीवर जाऊन बसला. "अहो!" अशी किंकाळी ऐकून अर्जदार तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून धावला. पत्नी खुर्चीवर उभी होती, हातात इस्त्री. अर्जदाराने उंदराकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने विचारले, "दिसला ना?" ती म्हणाली, "दिसला." महोदय, अर्जदार तिथेच खाली बसला. डोळ्यांत साबण गेला होता, असे तिला सांगितले आहे. तिने खुर्चीवरून उतरून अर्जदाराचे तोंड पदराने पुसले, फ्रिजवरचा अहवाल काढला आणि कित्येक दिवसांनी आपणहून बोलली.

परंतु संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती थांबली. म्हणाली, "पण केवढासा होता हो तो. मुठीत मावेल एवढा. एवढासा जीव अख्खा डबा संपवेल?" आणि पुन्हा बघत राहिली. अहवाल पूर्ववत फ्रिजवर लागला आहे.

७. वरील वस्तुस्थिती पाहता अर्जदाराची विनंती आहे की, संदर्भ क्र. २ चा अहवाल रद्द करून शिडी चढू शकणारे निरीक्षक पाठवावेत. उंदीर सापडताच लगेच नेऊ नये, प्रथम पत्नीसमक्ष त्याची नोंद व्हावी. नोंदीत "लहान", "पिल्लू", "किरकोळ" असे शब्द वापरू नयेत. "धष्टपुष्ट" हा शब्द नियमात बसत असल्यास उत्तम, न बसल्यास "सहपरिवार असण्याची दाट शक्यता" असे लिहिले तरी चालेल. बंदोबस्त त्यानंतर सवडीने केला तरी अर्जदाराची हरकत नाही. उंदीर घरात राहिला तर सोसेल, संशय राहिलेला सोसवत नाही.

आपल्या शिडीच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र व निर्दोष,
(सही)
चष्मेवाला, भाजीबाजारामागील घर

दिनांक : सहीखालील शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) बिस्किटांच्या डब्याचे कुरतडलेले प्लॅस्टिकचे झाकण.
२) झाकणावरील दातांच्या खुणा माणसाच्याही असू शकतात, असे पत्नीचे म्हणणे असल्याने, अर्जदाराच्या दातांचा साचा, दंतवैद्यांच्या सहीसह. (पाहून परत करावा. त्यांनी तो उधार दिला आहे.)