पाणी भरायची सवय

मंगळवार संध्याकाळ, जर्मनी. होस्टेलचा पाचवा दिवस.

आज माझ्यामुळं अख्ख्या मजल्यानं पाणी भरलं! अजून हसूच येऊन राहिलं.

भिलाईत आमच्या क्वार्टरमध्ये नळ सकाळी तासभर येते. म्हणून डोळे उघडले की पहिले पाणी, बाकी सगळं मग. इथं नळाले दिवसभर पाणी असते, मले माहीत आहे. पण हाताले कोण समजावणार? रोज उठल्या उठल्या किचनमध्ये जाते अन् बाटल्या, घरून आणलेला कुकर, चहाचं भांडं, सगळं काठोकाठ भरून ठेवते.

आज ते समोरच्या खोलीतल्या अनानं पाहिलं. ती पोलंडची. चार दिवसांत आम्ही 'हॅलो'च्या पुढं गेलो नव्हतो. तिले वाटलं, आज पाणी बंद होणार. तिनं गुपचूप आपलं पातेलं नळाखाली लावलं. तिचं पाहून आणखी दोघी आल्या. लाईनच लागली! मी आपली "नो, नो" करून राहिली, पण कोण ऐकते? खरं कळलं तेव्हा अना पोट धरून हसली. मग एवढ्या पाण्याचं करायचं काय? मी अद्रक टाकून चहा मांडला. सगळ्या माझ्या खोलीत! बसायले जागा नव्हती.

दुपारी आईचा फोन आला. "कावून एवढी हसून राहिली व?" मी सगळं सांगितलं. मले वाटलं, तीही हसणार.

"मी बी रोज तुझी बादली भरून राहिली अजून," म्हणाली.