सव्वादोनचं माप

बुलढाणा,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

माय,

तुला आणि गोकुळला माझा नमस्कार. मी बरी आहे. होस्टेलचं वरण अजून तसंच पातळ आहे, पण थंडीत गरम मिळतं म्हणून कोणी कुरकुर करत नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली का? यंदा मजुरीला बाया मिळाल्या की तू एकटीच वाकून राहिलीस? गोकुळला म्हणावं, दहावीचं वर्ष आहे, मोबाईल कपाटावर ठेव.

रविवारी तू फोनवर विचारलंस, संक्रांतीले येतं का म्हणून. मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. फोनवर आपण दोघी 'जेवली का' याच्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला.

आधी कॉलेजचं सांगते. बी.कॉम.ला मी मायनर विषय म्हणून समाजकार्य घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "लोकाइच्या दुखात जाऊन बसाले कॉलेज काऊन लागते वं?" मला राग आला होता. सातवी शिकलेल्या बाईला काय कळतं, असंही मनात आलं होतं. आता लिहून टाकते, कारण आज बरंच काही लिहायचं आहे.

या विषयात घरभेटी कराव्या लागतात. मला मिळालं अमडापूरच्या पुढचं एक खेडं. हो, अमडापूरच्या पुढचं. आपल्या फाट्यावरून बस गेली, दोनदा गेली, आणि मी दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले. ते पुढे सांगते.

पहिलं घर अन्नपूर्णाबाईंचं. त्यांचे मालक पऱ्हाटीवर फवारताना विष भिनून गेले, आपल्या बाबांसारखेच. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं सगळे सांगायचे आणि बाबांनी त्या साली सात वेळा पंप पाठीवर घेतला होता, तुला आठवत असेलच. माझ्याजवळ बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. मी बाजेवर टेकायच्या आधी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, पतीच्या निधनानंतर राहणीमानात कोणता बदल झाला? बाई म्हणाल्या, बरं आहे. पुढच्या एक्केचाळीस प्रश्नांनाही बरं आहे. मी सगळं भरून आणलं. सरांनी फॉर्म पाहिला आणि शांतपणे परत दिला. म्हणाले, हा फॉर्म तू इथे बसूनही भरू शकली असतीस. मला रडू आलं, पण मुलींसमोर आवरलं.

काल दुसऱ्यांदा गेले तर ओट्यावर कोण बसलेलं असावं? आपली नूरजहां चाची. तीच बांगड्यांची पेटी, तोच पिवळा दुपट्टा. मी आल्या पावली वळणार होते, पण तिने पाहिलं आणि बाजूला जागा केली.

माय, मी तासभर बसले आणि त्या बाईकडे बघतच राहिले. संक्रांतीचे दिवस, गल्लीतल्या बाया हात धुऊन तिची वाट बघत होत्या, आणि चाची पहिली जाऊन बसली ती अन्नपूर्णाबाईंकडे, जिथे कोणी बांगडीवालीला बोलावत नाही. तिने काही विचारलं नाही. बांगड्या भरायच्या आधी ती बोटं दाबून हात मऊ करते ना, तसा तिने बाईंचा हात घेतला आणि नुसता दाबत राहिली. बोंडाच्या काट्यांनी फाटलेला हात. थोड्या वेळाने अन्नपूर्णाबाई आपोआप बोलायला लागल्या. मालक उलट्या करत घरी आले आणि तरी म्हणत होते, पंप धुऊन ठेव, उद्या दयारामला परत द्यायचा आहे. त्यांनी आधी पंप धुतला, मग माणसाला दवाखान्यात नेलं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी पेन पिशवीतच ठेवलं. माझे बेचाळीस प्रश्न आणि चाचीचा एक हात. खरं सांगते, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मग चाचीने पेटी उघडली आणि कोणता रंग म्हणून विचारलं. शेजारची म्हातारी बोलली की तिला कशाला, तिचा माणूस गेला. चाचीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी हाताले बांगडी भरते बाई, नवऱ्याले नाही."

अन्नपूर्णाबाईंनी हात पुढे केला. आणि लगेच मागे घेतला. म्हणाल्या, "नको चाची. माही पोरगी काय म्हनीन?"

चाचीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत आहे, कारण गेल्या संक्रांतीला तुझ्या हातात बांगड्या तिनेच भरल्या होत्या.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. मी बारावीच्या क्लासवरून आले आणि तुझ्या हातात त्या हिरव्या बांगड्या पाहिल्या. काय बोलले ते मी शब्दाशब्दाने विसरायचा प्रयत्न केला, विसरता आलं नाही. लाज नाही वाटत का, असं म्हणाले. आपल्या आईला म्हणाले. तू साबण लावून एकेक बांगडी काढलीस, एकही फुटू दिली नाहीस, आणि डब्यात ठेवून भाकरी थापायला बसलीस. जूनमध्ये मी इथे आले. पोळ्याला आले नाही, दिवाळीलाही आले नाही. परीक्षेचं कारण खोटं होतं.

अन्नपूर्णाबाईंना मी एवढंच सांगितलं की एका पोरीने असं म्हटलं होतं आणि ती चुकली होती. कोणती पोरगी ते त्यांना बहुतेक कळलं. त्यांनी हात परत पुढे केला. चाचीने दोन भरल्या, मग मला म्हणाली, बाकीच्या तू भर. मला येईना. तिने माझी बोटं धरून शिकवलं, अंगठ्याखालचं हाड कसं दाबायचं ते. निघताना आपणहून म्हणाली, "तुह्या मायचं माप सव्वादोन. उजव्या हाताले जरा जपून."

एवढी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, आणि मला ते माहीत नव्हतं.

आता शुद्ध लिहिणं जमत नाही माय. मले माफ कर. तू इचारलं होतं, लोकाइच्या दुखात बसाले कॉलेज काऊन लागते. तुले नाही लागत, चाचीले नाही लागत. मले लागलं.

उद्या चाची माल घ्याले बुलढाण्याले येनार हाय, तिच्याच हाती हे पत्र देतो. संक्रांतीले, मंगळवारी पहिल्या गाडीनं येतो. तो डबा काढून ठेवजो. बांगड्या मी भरीन.

सव्वादोनचं माप आता पाठ झालेली,
तुही जयमाला