अमिनानं थापलेली भाकरी

नैरोबी

ती. आईला,
तुझ्या राजनंदिनीचा इथूनच वाकून नमस्कार.

माझा खोकला बराच कमी आहे, काळजी करू नकोस. आबांचा गुडघा कसा आहे? खरं काय ते कळव.

रविवारी इथल्या अनाथाश्रमात मदतीला गेले होते. अमिना नावाची नवीन आलेली मुलगी कुणाशी बोलत नव्हती, जेवतही नव्हती. मी मक्याच्या भाकरी थापायला बसले, तर आवाज ऐकून ती हळूच शेजारी येऊन बसली. मी तिच्यापुढं पिठाचा गोळा ठेवला. तिनं वेडीवाकडी भाकरी थापली, भाजल्यावर सगळी खाल्ली आणि तिच्या भाषेत विचारलं, "अजून एक करू?"

स्वयंपाकीणबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं तुला?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "राहुरीच्या चांगुणाबाईंनी. माझ्या आईनं."

फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहिलं.

तुझी लेक,
राजनंदिनी