दसऱ्याला उघडलेलं मशीन

प्रिय शालू,

तू होतीस तोवर तुला 'अगं' म्हणूनच हाक मारली. नाव कागदावर आज पहिल्यांदा लिहितोय. हसू नकोस.

तुला जाऊन आज तीन महिने अकरा दिवस झाले. आठवण रोजच येते, त्यासाठी पत्र लागत नाही. पण आज कॉलेजात जे झालं ते घरी येऊन कुणाला सांगू? चपला काढता काढता तुला हाक मारली, आणि मग तसाच उभा राहिलो.

आमच्या नव्या साहेबांनी एम.एस्सी.च्या मुलांची बैठक बोलावली होती. "यांच्या अडचणी काय त्या एकदा ऐकून घेऊ. मास्तर, तुमचं अक्षर चांगलं, तुम्ही लिहून घ्या." अक्षर चांगलं! बावीस वर्षं संख्याशास्त्राच्या विभागात मदतनीस आहे, नुसत्या मॅट्रिकवर. दांडा फिरवून बेरजा-गुणाकार करणारी ती दोन मशीनं माहितीपुस्तक आणि डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. विभागातून एक तक्ता माझी पेन्सिल लागल्याशिवाय बाहेर गेला नाही. आणि साहेबांना दिसलं काय, तर अक्षर.

तू म्हणायचीस, "तुमाले कोनाची चूक सापडली का तुमचं जेवन गोड लागते." खरं होतं गं.

मुलं आपल्या घरी यायची ती तक्ते तपासून घ्यायला, असं मी समजत होतो. मी विचारायचो, "किती तक्ते झाले?" तू विचारायचीस, "जेवला काय रे?" मग ती तुझ्याजवळ ओट्यावर बसायची. कोथिंबिरीची सांबारवडी खाता खाता काय काय सांगायची तुला! गाईड महिना महिना कागद बघत नाहीत. सहा जणांत दोन मशीनं, त्यांच्या किल्ल्या मास्तरांच्या खिशात, आणि मास्तरांना विचारायची भीती. हे शेवटचं तू मला कधी सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? रागावलो असतो, एवढंच ना?

गावंडे तुझा लाडका. अकोटकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, कापसाच्या पिकाच्या आकड्यांवर प्रबंध लिहीत होता. एकदा मला म्हणाला, "मास्तर, मुंबईले खोलीएवढं मशीन आलं म्हनतात, विजेवर हिशेब करते. तुमी पाह्यलं काय?" मी म्हणालो, "पाहिलं नाही. पण उघडून समोर ठेवलं तर दुरुस्त करीन." तू आतून ओरडलीस, "आधी घरचं घड्याळ दुरुस्त करा मंग!" किती हसला होता तो.

मी दर दसऱ्याला मशीनं उघडतो, धुतो, तेल देतो, मग कुंकू आणि आपट्याचं पान. गेल्या दसऱ्यालाही केलं. दसऱ्यानंतर गावंडेनं दोन्हींतल्या नव्या मशीनवर शेवटचे चार तक्ते काढले. मी पेन्सिलीनं ताळा घेतला, तर एकही बेरीज जुळेना. विचारलं, तर म्हणाला, "दोनदा काढले जी, मशीनवरच."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मशीन मी स्वतः उघडून साफ केलंय. ते खोटं बोलत नाही. आकडे तू मनानं लिहिलेस."

त्यानं तक्ते गोळा केले. प्रबंध अडकला. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही.

तू अंथरुणाला खिळलेली, तरी दोनदा विचारलंस, "त्या पोराचं काय झालं? एकडाव मशीन खोलून पाहा ना." मी उशी नीट केली आणि विषय बदलला. तुझी ती एक गोष्ट ऐकायला काय झालं होतं मला!

गावंडेचं पाहून बाकीच्यांनी त्या मशीनचं नावच टाकलं. या सोमवारी एका नव्या मुलानं ते मागितलं. देण्याआधी मी सगळीकडे नऊ मांडले आणि एक मिळवला. एका दमात सगळ्यांची शून्यं होऊन पुढे एक यायला हवा. सातव्या घरात नवाचं शून्य झालं, आठवं घर हललंच नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. उघडलं, तर हातचा पुढे ढकलणाऱ्या पट्टीखालची स्प्रिंग उलटी बसलेली. ती तशी बसवायला माझ्याशिवाय त्या मशीनला हात लावतो कोण?

चार दिवस कुणाला बोललो नाही. स्प्रिंग सरळ केली आणि गप्प बसलो. शालू, चार दिवस! माझ्यासारख्या माणसानं!

आज बैठकीत पाच जण बसले होते. साहेब अडचणी विचारतायत. माझा कागद कोरा. शेवटी देशपांड्यांची नलिनी उठली. "सर, आम्हाला काही अडचण आली तर आम्ही मास्तरांच्या घरी काकूंना सांगत होतो. आता कुणाला सांगायचं ते कळत नाही."

मला लिहिता येईना. लेखणी ठेवली आणि उभा राहिलो. स्प्रिंगचं सांगितलं. गावंडेचे आकडे खरे नव्हते, पण तो खरा होता, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातून?" मी म्हणालो, "माझ्याच हातून. लिहून घ्या, मी सही करतो." साहेबांनी लिहून घेतलं. प्रबंध द्यायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे म्हणाले. एकवीस दिवस. चार तक्ते नव्याने काढायला नऊ दिवस पुरे.

दर्यापूरचा ढोरे मागच्या बाकावरून म्हणाला, "पन त्याले कोन सांगन जी? तो तं आता पत्र बी वाचत नाई आमचं." सगळे माझ्याकडे बघत होते.

तू असतीस तर डबा बांधून दिला असतास आणि म्हणाली असतीस, "जा, अन् लेक्चर नोका देऊ तिथी." पहिल्यांदाच असा कुणाच्या दारात जातोय, शालू, आणि काय बोलायचं ते विचारायला तू नाहीस.

उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.नं अकोल्याला जातोय, तिथून अकोटच्या गाडीनं. अकोल्यात तुझ्या माहेरच्या रस्त्याकडे बघणार नाही. बघितलं की पाय तिकडे वळतील. पोरानं खोटे आकडे लिहिले असं त्याच्या बापाच्या कानावर गेलंय. म्हणून आधी बापाला सांगीन, चारचौघांत, जसं पोराला बोललो तसंच. गावंडेनं दार लावून घेतलं तर बाहेर बसून राहीन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. तो आला तर मशीनच्या किल्ल्या त्याच्या हातात देईन आणि दांडा मी फिरवीन, आकडे तो सांगेल. आणि नाहीच आला, तरी त्याला तोंडावर 'माझं चुकलं' म्हटल्याशिवाय अमरावतीची गाडी धरणार नाही. हे वचन तुला.

तुझाच,
मनोहर