सेलिनाच्या नावाची शिष्यवृत्ती

पणजी, २ डिसेंबर १९७३

तीर्थरूप बाबा, तुमच्या चंद्रावतीचा पणजीहून नमस्कार.

मी खुशाल आहे. सकाळी गरम उंडे पाव मिळतात, पण पेजेची आठवण जात नाही.

वृंदगानाची शिष्यवृत्ती मलाच मिळाली! एर्मेलिंदाबायने ती आपल्या वारलेल्या मुलीच्या, सेलिनाच्या नावाने ठेवली आहे. सेलिनाही याच वृंदात गायची.

पण काल शिष्यवृत्ती घ्यायच्या आधी गाताना माझी चूक झाली. एका मुलीने पहिली ओळ एकटीने म्हटली. त्यानंतर सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं होतं. मला मात्र वाटलं, मी आपल्या हळर्णच्या देवळात भजनाला बसले आहे, समईची ज्योत हलते आहे आणि ओळ तुम्हीच टाकली आहे. मी ती नेहमीसारखी मागून खड्या आवाजात म्हणत झेलली. सबंध सभागृहात मी एकटीच!

लाजेने माझी मान वर होईना. नंतर एर्मेलिंदाबायने माझा हात धरला. म्हणाली, “माझं चेडूं, माझी सेलिना, घरात एकटंच गायचं गो. त्याची ओळ कधी कुणी झेलली नाही.”

दादा लिहितो, मी घर सोडल्यापासून तुम्ही भजनाला बसत नाही, घसा बसलाय म्हणता. घसाच ना, बाबा? आईकडून ज्येष्ठमध मागून घ्या. तिला माझा नमस्कार सांगा.

सोमवारी, १० तारखेला, दिवेलागणीला देवळात जाऊन एकच ओळ टाका. आवाज फाटला तरी चालेल. मी इथल्या खिडकीत उभी राहून ती झेलीन.

तुमच्या मागे बसणारी,
चंद्रावती